वांगी सुकेपर्यंत

तैलरंग शिकायचे तर आधी सुतारकाम शिकावं लागतं, असा आमच्या पिढीचा समज होता आणि तो फारसा खोटा नव्हता. चौकट जुळवायची, तिच्यावर मांजरपाट ताणून खिळे मारायचे, सरस शिजवायचा, वर झिंक व्हाइटचे दोन हात द्यायचे. सरस शिजायला लागला की घरात जेवण नकोसं व्हायचं. आज तयार कॅनव्हास कुरिअरनं दारात येतो. तो पावसाळ्यात आमच्या कॅनव्हाससारखा ढिला पडत नाही, त्याला बुरशीही सहसा धरत नाही. पण आमचा हात पहिल्या फटकाऱ्याला थरथरायचा. चित्र बिघडलं तर पुन्हा सरस शिजवणं आलं!

विन्सर अँड न्यूटनच्या ट्यूबा आम्ही काचेआडून बघायचो आणि कॅमलच्या विकत घ्यायचो. ट्यूब संपत आली की तिच्यावरून लाटणं फिरायचं. संध्याकाळी पॅलेट खरवडायची, उरल्यासुरल्या रंगांचा राखाडी गोळा उद्याच्या सावल्यांसाठी जपून ठेवायचा. मग ब्रश रॉकेलमध्ये खळबळून साबणानं तळहातावर घासायचे, पाण्यात रंग उतरायचा थांबेपर्यंत. रॉकेल रेशनचं, त्यामुळे आई डबा लपवून ठेवायची. टर्पेंटाइननं डोकं चढायचं, पण खिडकी उघडायचं कुणाला सुचत नसे. फ्लेक व्हाइटमध्ये शिसं असतं, हे न कळता त्याच हातांनी आम्ही पोळीभाजी खाल्ली. आता बिनवासाची द्रावणं मिळतात, पाण्यात मिसळणारे तैलरंगसुद्धा मिळतात. फुप्फुसांना विचाराल तर स्मरणरंजनाला काही जागाच नाही.

सर बोलायचे कमी. ‘डोळे बारीक करून बघ’, ‘टोन चुकला’, एवढंच. फार झालं तर हातातला ब्रश घेऊन तीन फटकारे मारायचे, की कागदी वाटणारं नाक एकदम चेहऱ्यातून पुढे यायचं. ते कसं आलं, हे विचारायची सोय नव्हती. हा कंजूषपणा जुनाच. राजा रविवर्म्यालाही त्रावणकोरच्या दरबारी चित्रकारानं तैलरंग शिकवले नव्हते, आणि थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकारानं शिकवण्याऐवजी नुसतं काम बघू दिलं होतं. तेलकट थरावर पातळ थर देऊ नये, हे आम्हाला वर्गाच्या भिंतीवरच्या जुन्या चित्रांच्या भेगांनी शिकवलं. आता वासुदेव कामतांसारखे चित्रकार भर सभागृहात व्यक्तिचित्र रंगवून दाखवतात. व्हिडिओ तर हवा तिथे थांबवून तोच फटकारा पुन्हा बघता येतो. आमच्या सरांना कुठे थांबवणार?

तरी वस्तुचित्राशी आलो की मन अडतं. तांब्याची घागर, पांढरं फडकं, दोन वांगी, एक लिंबू. पहिल्या दिवशी वांग्यावर खिडकी चकाकायची, तिसऱ्या दिवशी तेच वांगं सुरकुतायचं. कालचं रंगवायचं की आजचं, यावर वर्गात भांडणं व्हायची. मांडणीतली केळी तर सुट्टीतच नाहीशी व्हायची. आज पहिल्याच मिनिटाला फोटो निघतो आणि वांगं टॅबलेटवर महिनाभर ताजं राहतं. चित्रं आमच्यापेक्षा नेटकी होतात, यात वादच नाही. आमची निम्मी चित्रं नुसती तपकिरी होती. पण वांग्याशी घाईघाईनं सलगी करावी लागायची, ती आता लागत नाही.

माणसांचंही तेच. सा. ल. हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’साठी त्यांची मुलगी गीता हातात दिवा घेऊन उभी राहिली होती. ते चित्र जलरंगातलं, पण उभं राहणं कोणत्याही माध्यमात सारखंच. आमच्याकडे बसायला यायचे फेटेवाले म्हातारे. त्यांच्या पावलांभोवती खडूनं रेघ मारून ठेवायची, म्हणजे विश्रांतीनंतर बैठक तीच राहते. मजुरी लाजिरवाणी असायची, पाय बधिर व्हायचे, आणि कुणी डुलकी घेतली तर वर्गभर हसू पिकायचं. फोटोवरून काम करताना हा छळ कुणाचाच होत नाही.

मात्र तास संपला की म्हातारा फेटा सावरत उठायचा आणि एकेका ईझलमागे जाऊन बघायचा. दहा चित्रांत दहा नाकं. ‘माझं नाक असं हाय व्हय?’ असं विचारत तो पुढे सरकायचा आणि ज्यात आपण तरुण दिसतो त्या चित्रापाशी थांबून मान हलवायचा. सरांनी नंबर दुसऱ्याच चित्राला दिलेला असायचा.