वशिला आणि ओळख

सरकारी नोकरीत बदलीच्या गावी पाऊल ठेवल्यापासून आठ दिवसांत माणसाला जितक्या ओळखी होतात, तितक्या अन्य कोणत्याही पेशात होत नसतील. हाताखालची मंडळी येतात, घर दाखविणारे येतात, आणि ज्यांचे कागद आपल्या टेबलावर पडून आहेत असे गृहस्थ तर निरोपाची वाटही न पाहता येतात. या ओळखी आपल्या नव्हेत, खुर्चीच्या. बदलीचा हुकूम आला की चार्ज देताना त्याही मागे ठेवून निघावयाचे असते. आपल्यापैकी बहुतेकांनी हे पुष्कळदा केले आहे. मी चार प्रांतांत केले, आणि पाचव्या खेपेस बेंगळुरूस येऊन बेळ्ळंदूरला बिऱ्हाड थाटले. कचेरी कोरमंगलच्या केंद्रीय सदनात. म्हणजे नकाशावर जवळ, आणि रस्त्यावरच्या गर्दीत पडल्यावर सोयीप्रमाणे दूर.

बेळ्ळंदूर हे नाव बाहेरच्यांच्या कानी पडले ते त्याच्या तलावामुळे. शहरातील हा सर्वांत मोठा तलाव. २०१५ साली त्यावरचा साबणासारखा पांढरा फेस वाऱ्याबरोबर रस्त्यावर आला, आणि पुढे २०१७ व २०१८ मध्ये तेथे आग भडकली. २०१८ ची आग विझविण्यासाठी लष्कराच्या जवानांनाही यावे लागले. पाण्याला आग लागते हे पुराणात वाचले होते. शहराचे सांडपाणी शुद्ध न करता सोडले की ते पत्त्यासह पाहावयास मिळते. एकेकाळी येथे ग्रामपंचायत होती. २००७ साली गाव महानगरपालिकेत गेले, आणि आता भाताच्या खाचरांच्या जागी काचेच्या कचेऱ्या आणि पंधरा-पंधरा मजल्यांची संकुले उभी आहेत. मोठ्या संकुलांना आपले सांडपाणी आपणच शुद्ध करण्याचे यंत्र तळघरात बसवावे लागते. या तळघराशी माझ्या लेखाचा संबंध आहे, म्हणून एवढा विस्तार.

माझ्या साडूंचा एक पुतण्या मिरजेहून आला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्याने सहा वर्षे मोटारी गुंडाळण्याचे आणि पंप दुरुस्तीचे काम केले होते. येथे पीण्यात एक लहानसा गाळा भाड्याने घेतला, त्यासाठी कर्ज काढले, आणि कर्ज पुरेना म्हणून आईच्या पाटल्याही सावकाराच्या तिजोरीत गेल्या. तीन महिने गाळ्याचे भाडे गेले, काम आले नाही. तेव्हा तो मजकडे आला आणि म्हणाला, “काका, तुमची एवढी ओळख आहे. एक चिठ्ठी द्या.”

चिठ्ठी! आपल्या समाजात या कागदाच्या तुकड्याची केवढी प्रतिष्ठा! परंतु केंद्र सरकारच्या नोकरांचे १९६४ चे वर्तणूक नियम ज्यांनी वाचले आहेत त्यांना ठाऊक असेल, की कुटुंबीयांच्या धंद्याची भलावण करणे हाही तेथे नियमभंग ठरतो. आता साडूंचा पुतण्या कुटुंबात मोडतो की नाही हा अर्थ लावण्याचा प्रश्न झाला. आणि कलमाचा सोयीस्कर अर्थ लावण्यात आपण सारेच निष्णात. पण मला अडचण निराळीच वाटत होती. चिठ्ठी घेऊन तो गेला असता तर त्याचे काम माझ्या खुर्चीकडे पाहून झाले असते, आणि मी निवृत्त झालो त्या दिवशी ते थांबले असते. मी त्यास नाही म्हटले. त्याचा चेहरा उतरला. घरात क्षणभर कोणी बोलेना.

मार्ग काढला तो आमच्या सौभाग्यवतींनी. त्या म्हणाल्या, “अरे, आपल्याच इमारतीच्या तळघरातून दोन दिवस वास येतो आहे. काम मागू नकोस. काय बिघडले आहे एवढे विचारून तरी ये.”

तो खाली गेला तो तीन तासांनी वर आला. यंत्रावर रायचूरकडचा एक माणूस होता. त्याला तोवर कोणी प्रश्न विचारलाच नव्हता; सगळे रागावूनच गेले होते. याने मोडक्या कन्नडमध्ये प्रथम विचारले, “निम्म ऊरु यावुदु?” मग विचारले की सर्वांत अधिक त्रास कशाचा होतो. त्या माणसाने जे सांगितले ते असे: टाकीतील मैला खाणारे जिवाणू हवेवर जगतात, हवा पुरविणारा ब्लोअर रात्री पट्टा घसरून बंद पडला की सकाळपर्यंत ते गुदमरतात आणि मग वास सुटतो. पट्टा नवा घातला तरी महिन्यात झिजतो. पुतण्याने बॅटरी लावून पाहिले, तर मोटारीची व ब्लोअरची पुली एका रेषेत नव्हती. दोन पाचर घालून त्याने ती सरळ केली आणि पैसे न घेता वर आला. मोटारीवरची पाटी मात्र आवर्जून वाचून आला होता: किर्लोस्कर.

या पाटीने मला थोडे विषयांतर करावयास लावले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावी कारखाना चालवीत असता नगरपालिकेने त्यांस जागा सोडावयास सांगितले. त्या वेळी औंध संस्थानात त्यांचे बांधकामाचे काम चालू होते. तेथील परिचयातून बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांस कुंडलजवळचा माळ दिला, दहा हजार रुपये बिनव्याजी दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आता पाहा, नांगराच्या कारखान्याला जागा मिळाली ती बांधकामाच्या ओळखीतून. पुढे १९४६ साली याच घराण्याची किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी बेंगळुरूतच निघाली.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध लिहिला, त्याचे सार हेच आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारले, की ज्याच्याकडून वार्ता कळली तो तुम्हांस कितीदा भेटत असे? वारंवार भेटणारा, असे सांगणारे शेकडा १६.७ निघाले; क्वचित भेटणारा म्हणणारे २७.८, आणि उरलेले अधूनमधून भेटणारा म्हणणारे. कारण उघड आहे. जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. परगावी आपण मराठी मंडळींतच बसतो-उठतो, गणपतीच्या वर्गणीपासून नाटकाच्या तिकिटापर्यंत सारे आपसांत करतो. हे मोठे सुखाचे आहे. परंतु त्यातून नवी वार्ता येत नाही, हेही तितकेच खरे. या म्हैसूर संस्थानात १९०६ पासून व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यामागून १९१२ पर्यंत टी. आनंदराव हे दोघे तंजावरी मराठी गृहस्थ लागोपाठ दिवाण होते. ते काही केवळ आपल्या पंगतीत बसून झाले नसावेत.

प्रश्न विचारण्याची मात्र सवय आम्हां नोकरवर्गास नाही. आम्ही खुलासा मागवितो. खुलासा मागविणाऱ्यास उत्तर आधीच माहीत असते, किंवा ते त्याला नकोच असते. खरा प्रश्न विचारणारा दुसऱ्यास क्षणभर आपल्याहून जाणता ठरवितो, आणि हे पत्करणे ज्याच्या दारावर नावाची पाटी आहे त्याला जड जाते. बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ साली फिलाडेल्फियात कारागीर व धंदेवाल्या तरुणांचे एक मंडळ काढले. दर शुक्रवारी जमून ते चोवीस ठराविक प्रश्न एकमेकांस विचारीत. गावात कोणी लायक परका मनुष्य आला आहे काय, त्याच्या उपयोगी कसे पडता येईल? नवा धंदा मांडणाऱ्या कोणास आपण हात देऊ शकतो काय? अशा धर्तीचे ते प्रश्न. माझे काम कोण करील, असा प्रश्न नव्हे. आपल्याकडेही रेल्वेत अभियंता असलेल्या माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांनी एकमेकांस हात द्यावा म्हणून सॅटर्डे क्लब काढला. तो काढणारा मनुष्य नोकरवर्गातला होता, हे मला विशेष वाटते.

पुतण्याचे पुढे काय झाले? एकदम काही झाले नाही. दुसऱ्या इमारतीत गेला, तिसऱ्या इमारतीत गेला. एका पहारेकऱ्याने दारातून परत पाठविले. जेथे आत सोडले तेथे तोच प्रश्न विचारी, उत्तर वहीत लिहून घेई, आणि एका तळघरातली युक्ती दुसऱ्या तळघरात सांगे. कोणाची हवा सोडणारी रबरी चकती तुंबली, तर ती कशी धुवावी हे त्याला पलीकडच्या इमारतीतील ओडिया माणसाने शिकविलेले असे. ज्याने शिकविले त्याचे नाव सांगूनच तो पुढे सांगे. मला ही गोष्ट फार आवडली. दरम्यान दोन हप्ते थकले. एकदा तर त्याने मिरजेचे तिकीट काढले होते. सौभाग्यवतींनी ते परत करावयास लावले.

काम आले ते सर्जापूर रस्त्याच्या एका संकुलातून, जेथे तो कधी गेला नव्हता. आमच्या रायचूरकराचा मेहुणा तेथे कामास होता. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरूत पाण्याची टंचाई पडली, टँकरचे दर चढले, आणि शुद्ध केलेले पाणी बागेस व संडासास वापरावे लागले, तेव्हा जी यंत्रे वर्षानुवर्षे कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती ती चालू ठेवण्याची साऱ्यांना निकड झाली. मेहुण्याने त्याचे नाव सांगितले, तेथील व्यवस्थापकाने आणखी दोघांस सांगितले. आता पीण्याच्या गाळ्यात तो धरून तिघे आहेत. आईच्या पाटल्या सुटल्या. कर्ज अजून आहे.

मध्यंतरी एका संकुलाच्या चिटणिसाने मोठ्या कौतुकाने त्यास विचारले, की तुझे काका केंद्रीय सदनात आहेत म्हणे? तो म्हणाला, “आहेत, पण ते चिठ्ठी देत नाहीत.” हे त्याने हसत सांगितले की कुरकुरत, हे मला सौभाग्यवतींकडूनही कळू शकले नाही.

येत्या मार्चअखेर मी निवृत्त होईन. बेळ्ळंदूरचे घर सोडून मिरजेस जावे, की येथेच राहावे, हे ठरलेले नाही. गेल्या रविवारी पुतण्या आला तो वही घेऊन. हुबळीस एका सूतगिरणीत जुन्या मोटारी निघणार आहेत असे त्याने ऐकले होते. तुमच्या तेथल्या मुक्कामात वीजखात्याचा एखादा जुना फिटर ओळखीचा होता काय, असे विचारीत होता. साहेब नको म्हणाला, फिटर पाहिजे. तीन वर्षे मी हुबळीत होतो. त्या काळातील अधीक्षक अभियंत्यांची नावे मला क्रमाने आठवली, फिटरचे आठवेना. आमच्या दिव्यांची दुरुस्ती करणारा एक उंच, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ डोळ्यांपुढे आला. त्या वेळच्या माझ्या शिपायाचा पत्ता मजजवळ आहे. त्याला आज पत्र टाकले आहे.