न बुडणारी वाटी

काळाच्या प्रवाहांत मागेंपुढें हिंडणाऱ्या माणसांच्या कथा वाचण्याचा मला फार दिवसांचा नाद आहे. माझे कांहीं मित्र याला पोरकटपणा म्हणतात, आणि त्यांच्याशीं वाद घालण्याच्या भरीस मी सहसा पडत नाहीं. पण या कथांतही अस्सल आणि नक्कल असा भेद आहे. नकली कथेंत काळ हा गारुड्याच्या पेटाऱ्यासारखा वाटेल तेव्हां उघडतो. अस्सल कथेंत लेखक शास्त्राचे नियम स्वतःवर लादून घेतो आणि त्या चौकटींतच वाचकाचा श्वास रोखून धरतो. अशा कथेंत बहुधा एक वस्तु असते. ती कोठून आली, कोणीं घडविली, कशासाठीं, हें कोणासच उमगत नाहीं. आणि तिच्या उलगड्यापायीं वाचकाची रात्र सरते.

एच्. जी. वेल्सच्या १८९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम मशीन’ या कादंबरींतला नायक इ. स. ८०२७०१ मध्यें जाऊन परत येतो व मित्रांना आपली हकीकत सांगतो. मित्रांचा अर्थातच विश्वास बसत नाहीं. तेव्हां तो खिशांतून दोन कोमेजलेलीं पांढरीं फुलें काढून मेजावर ठेवतो. मंडळींतले डॉक्टर तीं न्याहाळतात. पण असलें फूल त्यांनीं कधीं पाहिलेलें नसतें. पुढें नायक पुन्हां प्रवासाला जातो तो परत येत नाहीं. फुलें मात्र मागें उरतात. त्या यंत्रापेक्षां हीं फुलेंच मला अधिक खरीं वाटत आलीं आहेत.

प्रत्यक्ष जगांतही अशी एक वस्तु सांपडली आहे. ग्रीस देशांतील अँटिकिथेरा बेटाजवळ स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना १९०० सालीं एक बुडालेलें जहाज आढळलें. त्यांतून वर आलेल्या पुतळ्यांबरोबर ब्राँझचा एक गंजलेला गोळा होता. १९०२ सालीं त्यांत दांतेरी चाक दिसलें, आणि विद्वान बुचकळ्यांत पडले. दोन हजार वर्षांपूर्वीं असलें यंत्र कोठून यावें? २००५ सालीं क्ष-किरणांनीं त्याच्या पोटांत डोकावून पाहिल्यावर पुष्कळसा उलगडा झाला. ग्रहणें २२३ चांद्रमासांनीं त्याच क्रमानें फिरून येतात. म्हणून कारागिरानें एका चाकाला बरोबर २२३ दांते पाडले होते! यंत्र भविष्यांतून आलेलें नव्हतें. तें घडविणारे हात आणि जाणणारीं डोकीं तेवढीं नाहींशीं झालीं होतीं. कोणतीही वस्तु मुळांत गूढ नसते. तिचा जाणता गेला म्हणजे ती गूढ होते.

हें मला पुस्तकांतून कळलें असतें तर बरें होतें. तें कळलें माझ्याच हातून घडलेल्या एका अपराधामुळें.

मी दहा वर्षांचा असतांना उन्हाळ्याच्या सुटींत आजोळीं गेलों होतों. आजोबा एके काळीं गांवचे जोशी. त्या वेळीं ते अंथरुणाला खिळले होते. एके दिवशीं दारीं कल्हईवाला आला. आजी भांडीं काढून देऊं लागली. मदतीच्या हौसेनें मी माळ्यावर चढलों आणि एक तांब्याची वाटी हुडकून आणली. तिच्या बुडाला नेमकें मध्यभागीं बारीक भोंक होतें. तें मीं कथलानें बुजवून घेतलें. मग त्या चकचकीत वाटींत पाणी भरून ती मोठ्या अभिमानानें आजोबांपुढें नेली. त्यांनीं बुडावरून हळूच अंगठा फिरविला आणि म्हटलें, “आतां ही बुडायची नाहीं हो, बाळा.” मी ती शाबासकी समजलों. त्याच पावसाळ्यांत आजोबा गेले.

पुढें कित्येक वर्षांनीं एका वस्तुसंग्रहालयांत मीं तशीच वाटी पाहिली. तें घटिकापात्र होतें. गंगाळांतल्या पाण्यावर तें ठेवलें कीं छिद्रांतून पाणी आंत चढूं लागतें आणि चोवीस मिनिटांनीं पात्र बुडतें. अशा साठ घटिकांची एक अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त याच पात्रानें साधीत. भास्कराचार्यांच्या लीलावतीच्या लग्नांत एक मोती त्या छिद्रांत अडकला आणि मुहूर्त टळला, अशी आख्यायिका आहे. तेथें मोत्यानें केलें तें येथें माझ्या उत्साहानें केलें! भोंक हें त्या वस्तूचें व्यंग नव्हतें. तोच तिचा प्राण होता.

तेव्हांपासून मला एकच प्रवास करावासा वाटतो: त्या अंगणांत जावें आणि त्या मुलाचा हात धरावा.

पण शास्त्र काय म्हणतें? पुढें जाण्यास त्याची ना नाहीं. १९७१ सालीं हाफेले व कीटिंग यांनीं अणुघड्याळें विमानांतून पृथ्वीभोंवतीं फिरविलीं. पूर्वेकडे नेलीं तेव्हां तीं सेकंदाच्या सुमारें ५९ अब्जांशांनीं मागें पडलीं. म्हणजे तेवढ्यापुरतीं तीं भविष्यांत जाऊन पोंचलीं. मागें जाण्याची वाट मात्र कागदावरच आहे. १९४९ सालीं गोडेल यांनीं आइन्स्टाइनच्या समीकरणांतून एक फिरतें विश्व सिद्ध केलें. त्यांतला प्रवासी चालतां चालतां आपल्याच भूतकाळांत शिरूं शकतो. आपलें विश्व तसें असल्याचा पुरावा नाहीं. २००९ सालीं स्टीफन हॉकिंग यांनीं कालप्रवाशांसाठीं मेजवानी मांडली आणि आमंत्रण मेजवानी संपल्यावर प्रसिद्ध केलें. कोणीही आलें नाहीं.

आणि समजा, वाट सांपडली. मीं त्या मुलाला अडविलें, तर भोंक बुजणार नाहीं. आजोबा तें वाक्य बोलणार नाहींत. मला पश्चात्ताप होणार नाहीं. मग त्याला अडवावयास जाणार कोण? अस्सल कथाकाराला ही गांठ सोडवावीच लागते. माझ्यानें ती सुटली नाहीं.

गेल्या सुटींत माझ्या नातीनें ती वाटी कपाटांतून काढली आणि विचारलें, “आजोबा, ही कशाची?” मीं तिला सारें सांगितलें, स्वतःचा अपराधही लपविला नाहीं. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “पण कथलाखालीं जुनें भोंक असेलच ना?”

इतकीं वर्षें हें मला सुचलें नव्हतें. कथील २३२ अंशांवर वितळतें. तांब्याला हजारावर अंश लागतात. आम्हीं चिमट्यानें पात्र शेगडीच्या ज्योतीवर धरलें. कथील टपकलें, आणि छिद्रांतून ज्योतीचा एक निळा ठिपका दिसला. पात्र निवाल्यावर नातीनें बादलींत पाणी भरलें. मीं घड्याळ समोर ठेवलें.

पात्र सव्वीस मिनिटांनीं बुडालें. छिद्राच्या कडेला थोडें कथील राहिलें असावें. वरचीं दोन मिनिटें माझीं; चोवीस आजोबांचीं.