मांडीच्या हाडाची साक्ष

लंडनहून आगगाडीनं उत्तरेला निघालं, की सव्वा तासात लेस्टर येतं. इथल्या बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, दागिन्यांची आणि मिठाईची इतकी दुकानं आहेत, की आपण नक्की कुठे आलोय तेच क्षणभर कळत नाही. माझी बहीण इथे राहते. तिच्या तेरा वर्षांच्या मृण्मयीनं मला स्टेशनवरच बजावलं, "मावशी, जिलेबी नंतर. आधी मी तुला राजा दाखवणार!"

राजा म्हणजे इंग्लंडचा तिसरा रिचर्ड. १४८५ साली बॉस्वर्थच्या लढाईत तो मारला गेला, तेव्हा त्याचं वय होतं ३२. लेस्टरच्या एका मठात त्याला घाईघाईनं पुरलं. पुढे मठ पाडला गेला, कबरीची खूणही बुजली. त्याची हाडं नदीत फेकून दिली, असंच लोक सांगायचे. मग २०१२ च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी नगरपालिकेच्या वाहनतळात चर खणला, आणि पहिल्याच दिवशी पायांची हाडं लागली! राजाच्या बहिणीच्या वंशातल्या एका सुतारकाम करणाऱ्या माणसाशी डीएनए जुळला, तेव्हा खात्री पटली.

शेजारच्या जुन्या शाळेच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथे काचेच्या जमिनीखाली तो खड्डा तसाच ठेवलाय, आणि सांगाडा कसा पडला होता ते उजेडानं आखून दाखवतात. मी वाकून पाहिलं. खड्डा इतका आखूड, की राजाचं डोकं कडेला टेकवून उचललेलं. पाठीचा कणा वेलांटीसारखा वळलेला. आणि पावलं? पावलं नव्हतीच! नंतरच्या कुठल्यातरी बांधकामात ती गेली असावीत.

"मग याची उंची कशी काढली गं?" मी विचारलं. "टेप लावायची तरी कुठून कुठे?"

मृण्मयी याच प्रश्नाची वाट पाहत होती. "मांडीच्या हाडावरून!"

बालमित्रांनो, मांडीचं हाड हे आपल्या शरीरातलं सगळ्यांत लांब हाड. ते उंचीच्या चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त भरतं. १८८८ साली रोले नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं ल्योन शहरात पन्नास पुरुष आणि पन्नास बायका यांच्या मृतदेहांची उंची आणि हाडं मोजून ठेवली. त्या आकड्यांवरून कार्ल पिअर्सन या गणितज्ञानं १८९९ मध्ये सूत्रं बांधली. पुरुषाचं सूत्र असं: मांडीच्या हाडाची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिला १.८८ नं गुणा आणि ८१.३ मिळवा. हाड ४५ सेंटिमीटर असेल, तर उंची सुमारे १६६. पुढे आणखी सूत्रं निघाली, पण तऱ्हा हीच. उत्तर तीन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं. शिवाय फ्रेंच माणसांचं सूत्र आपल्या लोकांना जसंच्या तसं लागू पडत नाही. आणि तुमच्यावर तर ते चालवूच नका, कारण तुमची हाडं अजून वाढताहेत!

रिचर्डच्या हाडांचं उत्तर आलं सुमारे १७४ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट आठ इंचांच्या थोडं वर. त्या काळाच्या मानानं चांगलीच उंची.

इथेच खरी गंमत आहे. १४८४ साली निकोलस फॉन पॉपेलाऊ नावाचा परदेशी सरदार रिचर्डला भेटला होता. त्यानं लिहून ठेवलंय, की राजा माझ्यापेक्षा तीन बोटं उंच, पण अंगानं सडपातळ. जॉन राऊस हा इंग्रज लेखक मात्र लिहितो, की राजा ठेंगणा होता आणि त्याचा उजवा खांदा वर, डावा खाली. (हे राऊससाहेब राजा जिवंत असताना त्याची स्तुती करायचे, ते सोडा.) पाचशे वर्षं लोकांना वाटायचं, यातला एक जण खोटं बोलतोय.

"मांडीचं हाड सरळ आहे ना, म्हणून ते पाठीविषयी काहीच सांगत नाही," मृण्मयी म्हणाली. "कणा सरळ असता तर केवढा झाला असता, तेवढंच सांगतं. प्रत्यक्षात उभा राहिला, की काही इंच कमी दिसणार. कुबड मात्र नव्हतं हं! कणा बाजूला वळला होता, आणि तोसुद्धा दहाव्या वर्षानंतर. शेक्सपिअरनं नाटकात त्याचा हात वाळलेला दाखवला, तेही खोटं. दोन्ही हात धड आहेत."

तिनं नकळत कमरेवर बोटांनी टकटक केली. शर्टाच्या आत कडक प्लॅस्टिकचा पट्टा आहे तिचा. तिचाही कणा गेल्या वर्षीपासून वळायला लागलाय. दर काही महिन्यांनी डॉक्टर फोटो काढून कोन मोजतात. पट्टा लागल्यापासून ती शाळेत पोहायला जात नाही, असं बहिणीनं मला फोनवर सांगितलं होतं. मी काही बोलले नाही.

समोरच्या कॅथीड्रलमध्ये २०१५ साली राजाला पुन्हा पुरलं. शवपेटी त्या वंशजानंच स्वतःच्या हातानं बनवली. फिकट दगडाच्या थडग्यावर खोल क्रूस कोरलाय. आम्ही तिथे बराच वेळ बसलो.

घरी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मृण्मयीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. संध्याकाळी तिनं मला नवी रेघ मारायला लावली. १५२. मग पेन्सिल माझ्या हातातून घेऊन तिनं त्या रेघेच्या दोन बोटं वर एक तुटक रेघ काढली.

"ही कसली?"

"मांडीच्या हाडाची," ती म्हणाली. "चल, आता जिलेबी."