इंजिनात पडलेला बोल्ट आणि आपला वर्ग



आपल्या गारखेडा परिसरातल्या कितीतरी मुलांचे आईवडील वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपन्यांत कामाला जातात. बजाजचा कारखाना कुठे, स्कोडाचा कुठे, हे पोरांना पाठ असतं. म्हणून सहावीला चुंबक शिकवताना यंदा मी टाचण्यांच्या जोडीला गॅरेजमधलं एक उदाहरण घेतलं. मुलांना ते आवडलं. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून इथे देते आहे.

झालं काय?

सूतगिरणी चौकाजवळच्या एका गॅरेजमध्ये माझी गाडी दुरुस्तीला होती. टॅपेट कव्हरमधून ऑइल गळत होतं, पॅकिंग बदलायचं होतं. काम करणारा मुलगा आयटीआय झालेला, असेल एकोणीस-वीस वर्षांचा. बोल्ट काढताना एक त्याच्या बोटांतून सटकला आणि टायमिंग चेनच्या बाजूच्या फटीत गेला. टक्क असा आवाज आला, बस.

उस्ताद तेव्हा दुसऱ्या गाडीखाली होते. मला तर काही कळलंच नव्हतं. डब्यात तसले बोल्ट पन्नास असतील. त्यातला एक लावून तो मोकळा होऊ शकला असता. पण तो लगेच मोठ्याने म्हणाला, "उस्ताद, बोल्ट आत पडला!"

उस्ताद बाहेर आले. ओरडले नाहीत. आधी म्हणाले, "चावीला कुणी हात लावू नका," आणि बॅटरीची वायर काढून ठेवली. मग एकेक प्रश्न: "कुठून पडला? आवाज एकदा आला का दोनदा? ट्रेमध्ये किती आहेत?" कव्हरचे आठ बोल्ट, ट्रेमध्ये सात. म्हणजे आत एकच.

सेल्फ का मारायचा नाही?

इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालू असलं तरी मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. म्हणजे पिस्टन सेकंदाला तेरा वेळा वर-खाली होतो. टायमिंग चेन पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ राखते. चेन आणि तिच्या दातेरी चाकात बोल्ट अडकला, तर चेन दात चुकते किंवा तुटते. मग बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. दहा रुपयांच्या बोल्टपायी अख्खं इंजिन खोलावं लागतं. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये काही पडलं तरी तेच. पिस्टन वर येतो तेव्हा डोक्यावर फार थोडी जागा उरते.

काढला कसा?

बॅटरी लावून आत पाहिलं, तर बोल्ट एका कडेवर टेकलेला दिसला. हवा मारून काढायचा मोह होतो, पण हवेने वस्तू आणखी खोल जाते. उस्तादांनी लांब, वाकणाऱ्या दांडीचं चुंबक घेतलं. अडचण अशी, की चेन आणि चाकंही पोलादी. चुंबक खाली जाण्याआधी त्यांनाच चिकटायला लागलं. तेव्हा त्यांनी प्लास्टिकच्या नळीचा तुकडा घेऊन त्यात चुंबक घातलं, फक्त टोक उघडं ठेवलं. चुंबकाची ओढ प्लास्टिकमधूनही जाते, पण मध्ये अंतर पडल्याने बाजूची ओढ कमी होते. चाळीस मिनिटांनी बोल्ट वर आला. नसता आला तर ऑइल काढून खालचं चेंबर खोलायचं होतं.

मुलांना इथे थांबवून विचारा: बोल्ट पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा असता तर? चुंबक कामाचं नाही. मग चिमट्यासारखी बोटं असलेली दांडी लागते, नाहीतर काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून वस्तू चिकटवून काढतात.

वर्गात करायचा प्रयोग

बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या लावा. मध्ये एक-दोन पोलादी चमचे उभे करा, पण चुंबक त्यांना चिकटतं का ते आधी तपासा, कारण काही स्टील चिकटत नाही. आत एक खिळा, एक पितळी नाणं किंवा किल्ली आणि एक प्लास्टिकचं बटण टाका. काय निघेल, काय नाही, हे आधी वहीत लिहायला सांगा आणि मगच दोऱ्याला बांधलेलं चुंबक द्या. नळीची युक्ती आपण सांगू नका. कुणाला तरी सुचतेच.

आता आपल्याबद्दल

एवढीशी वस्तू काय करते, याची मोठी उदाहरणं आहेत. २५ जुलै २००० रोजी पॅरिसच्या धावपट्टीवर दुसऱ्या विमानातून पडलेली धातूची पट्टी कॉन्कॉर्ड विमानाच्या टायरखाली आली आणि ११३ माणसं गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी यादी आणली, तिच्यात रुग्णाला बाहेर नेण्याआधी अवजारं, सुया आणि कापसाचे बोळे मोजल्याची खात्री करायची असते. मोजणी जुळत नसेल तर तसं बोलायचं, ही त्या यादीमागची अपेक्षा.

पण तो मुलगा बोलला का? कारण याआधी बोलल्यावर त्याचं काय झालं, हे त्याला माहीत होतं. आपल्या वर्गात चौथीतल्या एखाद्या लेकराला हातच्याची वजाबाकी कळलेली नसते. ते गप्प बसतं, शेजारच्याचं उत्तर उतरवतं, आणि आपण पुढचा धडा सुरू करतो. पुढे भागाकारात खडखड व्हायला लागते. तेव्हा आपण म्हणतो, "लक्षच नाही याचं!"

पालकहो, घरी कप फुटला तर पोरगं आधी तुकडे लपवतं की तुम्हाला हाक मारतं? त्यावरून बरंच कळतं.

या आठवड्यात एक करून पाहा. "नाही समजलं" असं कुणी म्हणालं, की आधी "बरं झालं सांगितलंस" म्हणा. मग उस्तादांसारखं विचारा: कुठपर्यंत समजलं होतं? कुठे सुटलं? काय अनुभव येतो ते नक्की कळवा.