त्रेचाळीस नंबर कुठे आहे?

सप्टेंबर २००८. पिट्सबर्गला येऊन मला तीन आठवडे झाले होते. रविवारी दुपारी शेजारच्या आजींनी अमेरिकन फुटबॉल बघायला बोलावलं. ‘आजी’ मी मनातल्या मनात म्हणायचे. बाकी सगळे त्यांना नावाने हाक मारत, मला ते कधी जमलं नाही. खोलीत सगळ्यांच्या अंगात स्टीलर्स या तिथल्या संघाचे काळे-पिवळे शर्ट, आजींच्या मांडीवर पिवळा टॉवेल. टीव्हीवर बावीस माणसं एकमेकांवर तुटून पडली, शिट्टी वाजली, सगळे थांबले. पाच-सहा सेकंदांचा खेळ आणि मग कितीतरी वेळ नुसती चर्चा.

“चेंडू कुठे गेला?” मी विचारलं. पुढचे दोन महिने माझा तोच प्रश्न होता.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा, एवढं लवकर कळलं. पण कोण कशासाठी पळतो ते कळेना. मी साताऱ्याला कॉलेजच्या संघात कबड्डी खेळले होते, कोपरा सांभाळायचे. कुठलाही खेळ समजायला मला कधी वेळ लागला नव्हता, म्हणून हे न कळणं फार बोचायचं.

एका रविवारी आजी म्हणाल्या, “चेंडू सोड. त्रेचाळीस नंबर बघ.”

४३ नंबर म्हणजे ट्रॉय पोलामालू. हेल्मेटखालून पाठभर पसरलेले कुरळे केस, इतके की शर्टावरचं नाव झाकून जायचं. घराणं सामोआचं, जन्म कॅलिफोर्नियाचा, वाढला ऑरेगनमधल्या टेनमाइल नावाच्या लहानशा गावात, मामाकडे. पोलामालू हे आईच्या माहेरचं आडनाव. उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे त्या पहाडांमध्ये लहानच. त्याची जागा स्ट्राँग सेफ्टीची. कॉर्नरबॅक आणि सेफ्टी मिळून बचावाची मागची फळी होते. सेफ्टी चुकला तर त्याच्यामागे कुणी नसतं.

अडचण ही की कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि सेफ्टी बहुतेक वेळ चौकटीबाहेर असतो. मग मी डाव सुरू होण्याआधीच त्याला शोधायला लागले. तो अगदी पुढे, हल्ल्याच्या रांगेला चिकटून उभा असायचा. चेंडू हलला की पाठ फिरवून वीस यार्ड मागे धावत सुटायचा. पुढच्या डावात मागे उभा, आणि चेंडू हलायच्या क्षणाला थेट चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या अंगावर. मला वाटे, या माणसाला कुणी जागाच नेमून दिलेली नाही.

मग एकदम कबड्डी आठवली. आमचे सर सांगायचे, कोपरा सैल आहे असं दाखव, चढाईवाली आत येऊ दे, मग घोटा धर. हे तेच होतं! क्वार्टरबॅक चेंडू हातात घेण्याआधी सेफ्टी कुठे उभे आहेत ते बघतो आणि त्यावरून कुणाकडे फेकायचं ते ठरवतो. पोलामालू त्याला खोटी जागा दाखवत होता. त्यासाठी समोरचा काय करणार हे आधी ओळखावं लागतं. बचावाचे प्रशिक्षक डिक लबो यांनी त्याला ती मोकळीक दिली होती, पण ती त्याने कमावलेली होती. २००३ मध्ये स्टीलर्सनी सौदा करून, आपली पाळी पुढे ओढून, सोळाव्या क्रमांकावर त्याला निवडलं. तरी त्या पहिल्या वर्षी सुरुवातीच्या अकरांत तो एकदाही नव्हता. पुढे ज्याला २०२० मध्ये पहिल्याच खेपेला हॉल ऑफ फेमसाठी निवडलं, त्यालाही वर्षभर राखीव खेळाडू म्हणून राहावं लागलं होतं. आजींनी ती पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली तेव्हा मला फार धीर आला.

१८ जानेवारी २००९ची रात्र मी कधी विसरणार नाही. समोर बाल्टिमोर रेव्हन्स. जिंकेल तो सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात. स्टीलर्स १६-१४ ने पुढे, पाच मिनिटांहून कमी वेळ, चेंडू रेव्हन्सकडे. मी ४३ नंबर धरून बसले होते. जो फ्लॅकोने चेंडू सोडला आणि पोलामालूने उडी मारून तो हवेतच घेतला. मग मैदान आडवं कापत, वळत, वाट काढत, चाळीस यार्ड. टचडाउन. खोलीभर टॉवेल गरगरत होते आणि मी मराठीत ओरडत होते.

थोड्याच वेळात स्टीलर्सचा दुसरा सेफ्टी रायन क्लार्क आणि रेव्हन्सचा विलिस मॅकगेही एकमेकांवर आदळले. मॅकगेहीला स्ट्रेचरवरून नेलं. टॉवेल खाली आले, कुणी बोलेना. आजींनी डोळे मिटून घेतले होते. सामना स्टीलर्सनी २३-१४ असा जिंकला, दोन आठवड्यांनी टॅम्पाला सुपर बोलही जिंकला. पण तो धक्का माझ्या मनातून गेला नाही. पुढे २०१२ मध्ये पोलामालूने स्वतः कबूल केलं की खेळता यावं म्हणून डोक्याला बसलेला मार त्याने लपवला होता. मला त्याचा रागही आला आणि काळजीही वाटली.

२००९च्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. त्या हंगामात तो जेमतेम पाच सामने खेळला. हातातले सामने शेवटच्या पंधरा मिनिटांत निसटायला लागले, संघ बाद फेरीतही पोचला नाही. ४३ नंबर नव्हता आणि क्वार्टरबॅक बिनधास्त खोलवर फेकत होते. तो काय करतो हे मला तो नसताना जास्त कळलं. २०१० मध्ये तो परतला, सात इंटरसेप्शन केली, म्हणजे समोरच्यांनी फेकलेले चेंडू हवेतच पकडले, आणि लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

एकूण बारा हंगाम, सगळे एकाच संघाकडून, बत्तीस इंटरसेप्शन. शेवटच्या हंगामात, २०१४ मध्ये, मात्र एकही नाही. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. एका रविवारी तो मागून झेपावला, दिशा बरोबर होती, चेंडू कुठे येणार हे त्याने ओळखलंही होतं. पण अर्धं पाऊल उशीर झाला. समालोचक चेंडू झेलणाऱ्याचं कौतुक करत होते. मी आजींकडे बघितलं. त्यांनाही दिसलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, मांडीवरचा टॉवेल नुसता सारखा करत राहिल्या.