कच्ची वही

परवा रात्री मावशीचा फोन. आवाज अगदी रडवेला. मामेभावाच्या साखरपुड्याचे फोटो तिने लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर घेतले, लॅपटॉपवरचे पुसून टाकले (जागा होत नाही म्हणून!) आणि पेनड्राइव्ह घेऊन फोटोवाल्याकडे गेली. तिथे बघते तर शेवटचे चाळीसेक फोटो उघडतच नाहीत.

"अगं, शंभर टक्के झालं होतं गं! पट्टी पूर्ण भरली, मगच काढला मी."

आता गंमत अशी, की तिच्या त्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू मीच घालून दिलंय. म्हणजे निम्मं पाप माझं. फाइल कॉपी करताना ती पट्टी भरते ती मजकूर कॉम्प्युटरच्या मेमरीत गेला की भरते. डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर खरोखर उतरवायचं काम मागून सावकाश चालू असतं. लिनक्समध्ये साधारण तीस सेकंद जुनं झालेलं लिखाण बाहेर रवाना होतं, आणि पेनड्राइव्ह मंद असेल तर त्यापुढेही मिनिटं लागतात. 'इजेक्ट' म्हटलं की तो उरलेलं सगळं लिहून होईस्तोवर थांबतो. मावशीने सरळ उपटला.

फोटो कार्डावर होते म्हणून मिळाले, ते सोडा. पण तिचं ते "झालं होतं गं" ऐकलं आणि मला तुर्भ्याचा गाळा आठवला. हे वाक्य मी स्वतः एकदा म्हटलेलं आहे, आणि तेही याहून मोठ्या तोऱ्यात.

२००३ सालची गोष्ट. मी तेव्हा एका छोट्या कंपनीत होते आणि आम्ही कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका आडत्याला फॉक्सप्रोमध्ये हिशेबाचा प्रोग्राम करून दिला होता. (सगळं जग त्याला वाशी मार्केट म्हणतं. मार्केट आहे तुर्भ्यात. तुर्भेकरांनी आता याचं वाईट वाटून घेणंही सोडलंय.) माझी रोजची फेरी असायची. बाहेर गोण्या वाहणारे माथाडी, आत कांद्याच्या टरफलांचा पाचोळा, कीबोर्डच्या फटीतसुद्धा टरफलं. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर दिवाणजी.

काम सोपं होतं. माल विकला गेला की शेतकऱ्याचं नाव, गाव, गोण्या, वजन आणि भाव अशी एंट्री करायची. संध्याकाळी प्रोग्राम हमाली, तोलाई, गाडीभाडं वगैरे वजा करून पट्टी छापणार. जुन्नर, ओतूर, मंचर या बाजूचा माल रात्री ट्रकने यायचा. शेतकरी बहुतेक वेळा सोबत नसेच. त्याच्या हातात पोचणार ती फक्त पट्टी आणि पैसे. म्हणजे त्या गाळ्यात तो माणूस होता कुठे, तर त्या एका एंट्रीत. हे तेव्हा मला सुचलेलं नव्हतं, आत्ता लिहिताना सुचतंय.

दिवाणजी प्रत्येक व्यवहार आधी एका लांबट कच्च्या वहीत पेनाने लिहायचे आणि मग पोरगा कॉम्प्युटरवर एंट्री करायचा. मला याचा भारी राग यायचा. मी शेठना सांगितलं, डबल काम आहे हे, वही बंद करा. शेठना पटलंही होतं. दिवाणजी म्हणाले, "बघू मॅडम, पुढच्या महिन्यापासून."

त्याच महिन्यात एका सकाळी ऐन गर्दीत लाइट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली होती आणि त्यावर कुणीतरी रिकामी बारदानं ठेवली होती. लाइट आली, विंडोज ९८ सुरू झालं, निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क चाललं, आणि प्रोग्राम उघडला तर सकाळच्या शेवटच्या तेवीस एंट्र्या गायब.

मी म्हटलं, "असं होऊच शकत नाही. 'एंट्री सेव्ह झाली' असा मेसेज आल्याशिवाय पुढची एंट्री घेतच नाही प्रोग्राम."

तो मेसेज मीच लिहिला होता. प्रोग्रामला तो दाखवायला काय जातंय? प्रोग्रामने मजकूर फॉक्सप्रोला दिला, फॉक्सप्रोने विंडोजला, विंडोजने आपल्या मेमरीत ठेवला आणि "हो, झालं" म्हणून सांगितलं. त्याखाली हार्डडिस्कची स्वतःची छोटी मेमरी असते, तीही "झालं" म्हणते. शेवटी चकतीवर खरंच उतरलं की नाही, हे वरच्या कुणीच विचारलेलं नसतं. मी फॉक्सप्रोची फ्लश आज्ञा वापरली होती, पण ती बिचारी विंडोजपर्यंतच निरोप पोचवायची. विंडोजला 'आत्ताच्या आत्ता डिस्कवर लिही' असं बजावणारी 'फ्लश फोर्स' ही आज्ञा व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ मध्ये आली, तेव्हा २००४ संपत आलं होतं. एवढंच कशाला, त्या काळच्या विंडोजमध्ये मशीन नीट बंद केलं तरी काही वेगवान मशीनवर डिस्कच्या पोटातलं लिहून व्हायच्या आत वीज तुटायची. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळा पॅच काढावा लागला होता.

स्कॅनडिस्कने काही तुकडे '.सीएचके' नावाच्या फायलींत काढून ठेवले होते. ते नोटपॅडमध्ये उघडले तर कचऱ्यात मधेच रोमन अक्षरांत शेतकऱ्यांची नावं, पुढे गोण्या, वजन. फॉक्सप्रोच्या फाइलमध्ये मजकूर जवळजवळ जसाच्या तसा असतो, म्हणून वाचता आला. म्हणजे काहींचा मजकूर डिस्कवर पोचला होता, पण टेबलात किती नोंदी आहेत हा आकडाच जुना राहिला होता. असे नऊ सापडले. बाकीचे चौदा कुठेच नाहीत. ट्रकवाल्यांच्या चिठ्ठ्यांवरून गोण्या कळल्या असत्या, पण वजन आणि भाव?

दिवाणजींनी चष्मा पुसला, वही उघडली आणि म्हणाले, "मी वाचतो, तुम्ही मारा एंट्री."

टोमणा नाही, काही नाही. त्याचाच जास्त त्रास झाला. चौदांमध्ये आळेफाट्याकडची एक बाई होती, नवऱ्यामागे शेती बघणारी. सतरा गोण्या. दिवाणजींनी तिची ओळ दोनदा वाचली आणि मी मारलेले आकडे पडद्यावर वाकून स्वतः बघितले.

त्या रात्री ट्रान्स-हार्बर नव्हतीच अजून (ती २००४ ला आली), बसने ठाण्याला जाताना मला दहावीनंतर शिकलेली बुककीपिंग आठवली. व्यवहार आधी रोजकीर्दीत, घडला त्या क्रमाने. मग सवडीने खतावणी. खतावणी बिघडली तर कीर्दीवरून पुन्हा मांडता येते. कॉमर्सला रोजकीर्दीला इंग्रजीत काय म्हणतात? जर्नल! आणि डिस्कवर बदल करण्याआधी तो वेगळ्या जागी नोंदवणाऱ्या फाइलसिस्टीमला काय म्हणतात? जर्नलिंग. लिनक्सच्या मुख्य आवृत्तीत ईएक्सटी३ च्या रूपाने ती २००१ मध्ये आली होती. आमच्या गाळ्यातल्या विंडोज ९८ ला असली कीर्द नव्हती. ती दिवाणजींकडे होती, आणि मी ती बंद करायला निघाले होते.

मोठ्यांचंही असंच होतं बरं का. प्रोग्रामरने 'एफसिंक' म्हणून सिस्टीमला विचारायचं असतं, खरंच डिस्कवर उतरलं का? उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं. पण २०१८ मध्ये पोस्टग्रेसवाल्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एकदा लिहिताना चूक झाली, तर एफसिंक ती एकदाच सांगतो. पुन्हा विचारलं तर "सगळं ठीक" म्हणतो, मजकूर गेलेला असला तरी! ते आपले इतकी वर्षं पुन्हा विचारत होते. २०१९ मध्ये त्यांनी उपाय केला तो असा, की एफसिंक चुकला तर डेटाबेसने सरळ बंद पडायचं आणि आपल्या कीर्दीवरून पुन्हा उभं राहायचं. वाचताना मी मोठ्याने हसले होते.

हल्ली मी कुठलीही महत्त्वाची फाइल जुन्यावर थेट लिहीत नाही. नवी फाइल लिहायची, एफसिंक करायचा, मग नाव बदलून जुनीच्या जागी बसवायची, आणि ज्या फोल्डरमध्ये ती आहे त्याचाही एफसिंक, कारण नाव फोल्डरमध्ये असतं. हा शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. मीही विसरले आहे.

गाळ्यावर दुसऱ्या दिवशी जाऊन मी विंडोजच्या सेटिंगमध्ये खोल दडलेली 'मागाहून लिहिणं बंद' अशी टिकमार्क केली, दर एंट्रीनंतर फाइल बंद करून उघडायला लावली आणि शेठच्या मागे लागून यूपीएसला नवी बॅटरी बसवून घेतली. प्रोग्राम रखडायला लागला. पोरगा कुरकुरला. दिवाणजींनी विचारलं, "आता का हो मॅडम एवढा वेळ घेतंय?"

म्हटलं, "लिहितंय."

"बरं," म्हणाले, आणि पुढची ओळ वहीत लिहायला घेतली. वही बंद करायचा विषय मग कोणीच काढला नाही.