हरणाऱ्या संघाच्या कडेला

मार्गशीर्ष उजाडेपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावरील भाताची खाचरे रिकामी झालेली असतात. झोडणी आटोपते, पेंढा रचला जातो, ओल टिकून असलेल्या शेतांत वाल पेरला जातो. याच दिवसांत गावालगतच्या एखाद्या खाचरात माती चाळून पसरतात, पाणी मारून ती चोपतात आणि १३ मीटर लांब, १० मीटर रुंद असे कबड्डीचे क्रीडांगण फक्कीने आखतात. संध्याकाळी दिवे लागतात, ध्वनिक्षेपकावरून संघांची नावे पुकारली जातात आणि पंचक्रोशीतील माणसे चहूबाजूंनी गोळा होऊ लागतात.

वाचकहो, आपण अलिबागला जाता ते बहुधा समुद्रासाठी, कुलाबा किल्ल्यासाठी किंवा मुरूडच्या वाटेवरील नारळी-पोफळींसाठी. घरातील ज्येष्ठांना सोबत घेऊन जाणार असाल, तर या वेळी एक संध्याकाळ अशा क्रीडांगणासाठी राखून ठेवावी. आणि तेथे गेल्यावर, जिंकणाऱ्या संघाइतकेच हरणाऱ्या संघाच्या पाठीराख्यांकडे पाहावे. उतारवयातील आरोग्याविषयी त्यांच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

वाट आणि गाव

मुंबईहून ज्येष्ठांना नेण्याचा सोपा मार्ग म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट. २०२० साली ही सेवा सुरू झाली. आपली मोटार बोटीवर चढवता येते, त्यामुळे सामानाची चढ-उतार वाचते आणि साधारण तासाभरात मांडवा गाठता येते. तेथून अलिबाग सुमारे २० किलोमीटर. पुढे दक्षिणेला आक्षी, नागाव, चौल आणि रेवदंडा ही गावे एकामागून एक, जणू एकाच वाडीचे तुकडे असावेत अशी लागतात. सावली दाट, रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना बागायत.

या पट्ट्यातील आगरी, कोळी आणि इतर वस्त्यांमध्ये कबड्डीचे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. आजोबा हुतूतू म्हणत खेळले, वडील कबड्डी म्हणत खेळले, नातू मॅटवरचा खेळ दूरचित्रवाणीवर पाहून खेळतो. गावोगावी मंडळे आहेत. बहुतेकांची नावे ग्रामदैवतावरून ठेवलेली. मंडळाची मालमत्ता म्हणजे एक खोली, दोन-चार जुने चषक, भिंतीवरील छायाचित्रे आणि गणवेशाचा एक जोड.

त्यांपैकी थोडी मंडळे नावाजलेली असतात. उरलेली बहुतेक पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत बाद होतात. कारणे सांगायला फार शोध घ्यावा लागत नाही. कुणी थळच्या खत कारखान्यात पाळीवर असतो, कुणी डोलवीच्या पोलाद प्रकल्पात, कुणी न्हावा-शेव्याच्या बंदरात. सरावाला सातजण एकत्र जमणे हीच मोठी गोष्ट. चांगला चढाईपटू घडला, की तो मुंबईतील एखाद्या मोठ्या संघाकडे जातो. मोकळ्या शेतांच्या जागी बंगल्यांची कुंपणे उभी राहत असल्याने सरावाची जागाही दरवर्षी बदलावी लागते. आणि स्पर्धा बाद पद्धतीची. एकदा हरले की मंडळी घरी.

तरीही पाठीराखे येतात.

“आपण हरलो”

चौलजवळच्या अशाच एका क्रीडांगणाच्या कडेला मागच्या हिवाळ्यात एका वृद्ध गृहस्थांशेजारी बसण्याचा योग आला. वय ऐंशीच्या आसपास, गुडघे थकलेले, कानटोपी घट्ट बांधलेली. शेजारी सून, तिच्या पिशवीत थर्मास आणि औषधांची डबी. त्यांच्या गावचा संघ मध्यंतरालाच बारा गुणांनी मागे होता. “नाना, थंडी वाढली, निघायचं का?” असे सुनेने दोनदा विचारले. नानांचे उत्तर एकच: “लोण पडलाय. सगळे परत आत आलेत. आता बघ.”

कबड्डीचा हा नियम माहीत नसणाऱ्यांसाठी थोडे सांगायला हवे. चढाई करणाऱ्याने स्पर्श केलेला गडी बाद होऊन बाहेर बसतो. आपल्या बाजूने गुण मिळवला, की बाहेर बसलेला गडी पुन्हा आत येतो. एका संघाचे सर्व गडी बाद झाले, की त्याच्यावर लोण चढतो, प्रतिस्पर्ध्याला दोन जादा गुण मिळतात. मात्र त्याच क्षणी बाद झालेले सातही जण पुन्हा मैदानात उतरतात. सामना संपेपर्यंत कोणीही कायमचा बाहेर राहत नाही.

तो सामना त्यांचा संघ हरलाच. अंतर मात्र बारावरून पाचवर आले होते. नाना काठी टेकत उठले, घामाने आणि मातीने माखलेल्या पोरांकडे गेले, एकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “आपण हरलो, पण शेवटची दहा मिनिटं आपली होती.” परतताना सुनेने हळू आवाजात सांगितले, की सासूबाई गेल्यानंतर वर्षभर नाना उंबरठ्याबाहेर पडत नव्हते. संघातील पोरे एकदा खुर्ची घेऊन घरी आली आणि त्यांना खुर्चीसकट मैदानावर घेऊन गेली. तेव्हापासून हंगामातील एकही सामना चुकलेला नाही.

नानांच्या वाक्यातील “आपण” हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली तेथील विद्यापीठांमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयाचा फुटबॉल संघ जिंकला, की त्यानंतरच्या सोमवारी अधिक विद्यार्थी महाविद्यालयाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे घालून येत. विद्यार्थ्यांशी दूरध्वनीवर बोलले असता, विजयाविषयी ते “आम्ही जिंकलो” असे म्हणण्याकडे झुकत आणि पराभवाविषयी “ते हरले” असे. यशाशी नाते जोडावे आणि अपयशापासून हात झटकावेत, हा मनुष्यस्वभावच.

परंतु प्रत्येक समाजात काही माणसे या स्वभावाला अपवाद असतात. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाचा फुटबॉल संघ १९८३ ते १९८८ या काळात सलग ४४ सामने हरला; अखेर ऑक्टोबर १९८८ मध्ये प्रिन्स्टनविरुद्ध त्याने १६–१३ असा विजय मिळवला. त्या सर्व वर्षांत प्रेक्षागार पूर्ण रिकामे झाले नाही. डॅनियल वॅन या मानसशास्त्रज्ञाने अशा निष्ठावंतांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. आपल्या परिसरातील संघाशी ज्यांचे घट्ट नाते असते, त्यांच्यात एकाकीपणा कमी आणि सामाजिक समाधान अधिक आढळते; आणि हा लाभ संघाच्या विजयावर फारसा अवलंबून नसतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. लाभ होतो तो सोबत बसणाऱ्यांमुळे, ठरलेल्या वेळेमुळे आणि उद्याची वाट पाहण्याजोगे काही असल्यामुळे. निवृत्ती, वैधव्य किंवा दुखणे यांनी नेमक्या याच तीन गोष्टी ज्येष्ठांच्या आयुष्यातून हिरावलेल्या असतात.

हृदयाची काळजी

उत्कंठेची दुसरी बाजूही विसरू नये. २००६ साली जर्मनीत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा म्युनिक परिसरात जर्मन संघाच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविषयक तातडीचे प्रसंग इतर दिवसांच्या तुलनेत अडीच पटींहून अधिक नोंदवले गेले. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता, त्यांच्यात हे प्रमाण आणखी जास्त होते. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

म्हणून ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा थोड्या श्रमानेही ज्यांच्या छातीत दुखते, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सामना पाहताना छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, अचानक घाम किंवा धाप जाणवली, तर “एवढी चढाई होऊ द्या” असे म्हणत थांबू नये; तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. शासकीय रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक सोबत्याच्या ध्यानात असावा.

सोबत्यासाठी काही सूचना

स्पर्धा रात्री उशिरापर्यंत चालतात आणि अंतिम सामना मध्यरात्रीकडेही सरकू शकतो. ज्येष्ठांसाठी संध्याकाळचे पहिले सामने उत्तम. रात्रीचे जेवण व औषधे, विशेषतः मधुमेहाची, ठरलेल्या वेळीच व्हावीत. मैदानाकडची पायवाट बांधावरून जाते. उजेड असतानाच पोचावे, विजेरी व काठी जवळ ठेवावी. पाठीला टेकू असलेली खुर्ची घरूनच न्यावी, कारण जमिनीवर बसून उठणे गुडघ्यांना जड जाते. खुर्ची ध्वनिक्षेपकापासून दूर आणि क्रीडांगणाच्या रेषेपासून पुरेशी मागे असावी. पकडीच्या झटापटीत खेळाडू प्रेक्षकांत येऊन आदळतात. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो आणि दंवही पडते, त्यामुळे कानटोपी, शाल आणि पायमोजे विसरू नयेत. स्वच्छतागृह कोठे आहे, हे पोचताच विचारून ठेवावे. ही एक धास्ती कमी झाली, की ज्येष्ठ मोकळेपणाने पाणी पितात. स्मृतिभ्रंश असलेल्यांना गोंगाट व प्रखर दिवे सोसत नाहीत. त्यांना दुपारचा सराव दाखवणे अधिक सुखाचे.

याच हंगामात वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भाजून केलेली पोपटी मिळते. ती अवश्य चाखावी. रक्तदाब असणाऱ्यांनी वरून लावलेल्या मिठाकडे लक्ष ठेवावे.

ज्यांना घराबाहेर पडणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी दूरचित्रवाणी आहे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला राहिली. तिचा पहिला विजेतेपदाचा चषक आला तो १ मार्च २०२४ रोजी, हरियाणा स्टीलर्सवर २८–२५ अशी मात करून. महाराष्ट्राच्या पुरुष संघालाही राष्ट्रीय विजेतेपदासाठी ११ वर्षे थांबावे लागले. ते २०१८ साली हैदराबादेत मिळाले. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांशेजारी बसून अशा संघाचे सामने क्रमाने पाहावेत, गुणांची वही त्यांच्याकडे द्यावी. मात्र एकटे सोडून नुसता पडदा लावून देऊ नये. लाभ सोबतीचा आहे, हे वर आलेच.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांशी शेवटी थोडे बोलायचे आहे. आपल्या हाती असलेला सामना बहुधा जिंकण्याचा नसतो. पार्किन्सन, अर्धांगवायू, सांधेदुखी यांत दर महिन्याला सुधारणेचे गुण मोजू लागलो, तर मन खचते, आणि मग भेटीही विरळ होत जातात. नानांच्या गावचे लोक निकाल पाहून मैदानावर येत नाहीत. सामना आपल्या पोरांचा आहे, एवढे त्यांना पुरते. घरातील आजारी माणसाजवळ बसतानाही हाच हिशेब ठेवावा. आज त्यांना चार पावले चालता आली नाहीत, तर “तुम्हाला जमलं नाही” असे म्हणू नये. “आज आपल्याला जमलं नाही, उद्या पुन्हा बघू” असे म्हणावे, आणि उद्या ठरल्या वेळी यावे.

या हिवाळ्यात जमल्यास एक दिवस काढा. नागाव वा रेवदंड्याच्या वाटेवर कोणत्याही पानटपरीवर विचारा, “आज कबड्डी कुठं आहे?” उत्तर मिळेल. घरातील ज्येष्ठांना खुर्चीत बसवा, अंगावर शाल नीट घाला, आणि जो संघ मागे आहे त्याच्या बाजूला बसा.